तिकडे काय भाव आहे?

भावकाकांच्या हातावर तुम्ही काहीही ठेवा, पेढा, लग्नपत्रिका, अगदी तीर्थप्रसाद, पहिला प्रश्न एकच येतो: "केवढ्याला पडलं?" आकडा ऐकला की ते डोळे मिटतात, मान जराशी डावीकडे कलवतात आणि भारताच्या नकाशावरून एक फेरी मारून येतात. "हैदराबादला हेच निम्म्यात." मग पेढा खातात.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर लिहिलेलं आहे. ते पोस्टमनखेरीज कुणी वाचत नाही. मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत त्यांना लहानथोर सगळे भावकाका म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात झाली. दर तीन-चार वर्षांनी बदली. दिल्लीला रामकृष्णपुरम्, चेन्नईला बेझंटनगर, मुंबईत अँटॉप हिल, शिवाय कोलकाता, हैदराबाद आणि बंगळूर. माणसं बदलीच्या गावाहून साड्या आणतात, पितळेच्या मूर्ती आणतात. काकांनी भाव आणले.

आता गंमत अशी की त्यांच्या डोक्यातला प्रत्येक गावाचा भाव बदलीच्या ऑर्डरवर सही झाली त्या दिवशी थांबलेला आहे. कोलकात्याचा रोहू 1983 चा. दिल्लीचा फ्लॉवर 1989 चा, त्यावर कोथिंबीर-मिरची फुकट. चेन्नईचं केळीचं पान 1994 चं. आणि समोर उभी असते मुलुंडची आजची टोपली! कोणत्या सालचा भाव सांगताय, असं विचारलं की "आमच्या वेळचा" एवढंच उत्तर मिळतं. भाजीवाला शहाणा आहे. तो वाद घालत नाही. काका दिसले की तोच आधी विचारतो, "आज कुठलं गाव, काका?"

पण काकांना निव्वळ कुरकुऱ्या समजू नका. या विषयातलं जे त्यांना कळतं ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना कळत नाही. एकदा गणपतीच्या मांडवात कुणीतरी म्हणालं की सरकारी निर्देशांकात मुंबईचा आकडा अमुक गावापेक्षा खाली आहे, म्हणजे मुंबई स्वस्त. काका पाट सोडून उठले. "तो आकडा गावागावांची तुलना करायला नसतोच हो! 2016 साली प्रत्येक गाव आपापल्या घरी शंभर धरलं. मुंबईचे शंभर वेगळे, सोलापूरचे शंभर वेगळे. आता कोण किती वाढलं एवढंच त्यातून कळतं. तुमचा पोरगा यंदा चार इंच वाढला आणि माझा दोन, म्हणून तुमचा उंच का?" कामगार मंत्रालयाचा लेबर ब्यूरो असे आकडे 88 केंद्रांचे काढतो आणि त्यावरून महागाई भत्ता ठरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा असा निर्देशांक पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत निघू लागला, जुलै 1914 चे भाव शंभर धरून. आरती सुरू व्हायला त्यामुळे वीस मिनिटं उशीर झाला, पण मांडवातल्या निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळलं की हा आकडा आडवा वाचायचा नसतो, उभा वाचायचा असतो.

हे सगळं पाठ असलेला माणूस 1983 च्या रोहूची आजच्या पापलेटशी तुलना कशी करतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्यांच्यापुढची खरी अडचण मापांची. मुंबईत केळी डझनावर, बंगळुरात किलोवर. काकांनी त्यासाठी घरात तराजू ठेवला आहे आणि दर डझनाचं वजन करून भाव लावतात. चेन्नईत मोगऱ्याचे गजरे मोळमावर मिळतात. मोळम म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, आणि हात विकणारीचा. काका तिथे असताना संपूर्ण मैलापूरमधली सर्वांत उंच फुलवाली हेरून ठेवायचे. "तिच्याकडे गजरा दोन इंच जास्त यायचा," ते अभिमानाने सांगतात. काकू तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणतात, "आणि आणायचे वर्षातून एकदा."

सगळ्या गावांना लावता येईल असं एक माप हवं, हा त्यांचा ध्यास. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 1986 साली बर्गरवरून देशोदेशीच्या चलनांची तुलना सुरू केली, हे त्यांना ठाऊक आहे. भारतात गोमांसाचा बर्गर विकत नाहीत म्हणून आपल्यासाठी चिकनचा महाराजा मॅक धरावा लागला, हेही ठाऊक आहे. ते म्हणतात, "जिथे पदार्थच बदलावा लागतो तिथे तुलना कसली?" त्यांनी वडापाव तपासून पाहिला, पण कोलकात्यात तो धड मिळेना. इडली तपासली, तर दिल्लीत ती काट्याचमच्याने खायची वस्तू निघाली. चेन्नईत 2013 साली सरकारी अम्मा उणवगमात इडली एक रुपयाला मिळू लागली, तेव्हा तर इडलीवरचा विश्वासच उडाला. शेवटी ते केस कापण्यावर येऊन थांबले. कांदा नाशिकहून ट्रकने कुठेही जातो, त्यामुळे त्याचे भाव थोडेफार एका पातळीवर येतात. न्हाव्याची खुर्ची ट्रकने जात नाही. त्या गावाचं भाडं, त्या गावाची मजुरी, त्या गावाचा रुबाब, सगळं तिच्यात उतरतं. तर्क बिनतोड आहे. फक्त काकांच्या डोक्यावर कानांच्या मागे उरलेली झालर सोडली तर कापण्यासारखं काही नाही, आणि त्या झालरीचे पूर्ण पैसे द्यावे लागतात हे दुःख प्रत्येक शहरात सारखंच आहे.

त्यांची एक भाची परदेशी कंपनीत आहे. तिने त्यांना मर्सर या कंपनीची महागड्या शहरांची 2024 ची यादी दाखवली. परदेशात पाठवलेल्या नोकरदारांना भत्ता किती द्यायचा हे कंपन्यांनी ठरवावं, म्हणून ही यादी निघते. पहिलं हाँगकाँग, दुसरं सिंगापूर. भारतात सर्वांत महाग मुंबई. काकांचा चेहरा खुलला. मग तिने जगातला क्रमांक सांगितला, 136.

"एकशे छत्तीस?" काकांना घरी कुणी अपमान करून गेल्यासारखं झालं. आयुष्यभर मुंबईच्या महागाईला नावं ठेवणारा हा माणूस त्या दिवशी तिच्या बाजूने भांडला. "त्या यादीतला साहेब सेकंड क्लासच्या पासावर फिरतो का? मुलुंड ते ठाणे पाच रुपयांत जाऊन दाखव म्हणावं हाँगकाँगला." महागाई असावी, पण मान तरी मिळावा!

खरं सांगायचं तर स्वस्ताईने काका हिरमुसतात. 2019 साली बेस्टने किमान भाडं 5 रुपयांवर आणलं तेव्हा ते आठवडाभर उदास होते. इतर कुठल्या गावाचं उदाहरण द्यावं हेच सुचेना. मे 2025 मध्ये तेच भाडं 10 रुपये झालं आणि काका पुन्हा कट्ट्यावर दिसू लागले.

पुणे हे त्यांचं जुनं दुखणं. सरकारी घरभाड्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग असतात. 2015 साली पुणे आणि अहमदाबाद वरच्या वर्गात गेले आणि एकूण आठ शहरं एक्स झाली. आता पुण्यातल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ पगाराच्या 30 टक्के घरभाडं मिळतं आणि मुंबईतल्यालाही तेवढंच. नागपूर, नाशिक, कोल्हापूर वायमध्ये. "सरकारच्या मते कोथरूड आणि दादर एकाच भावात," असं म्हणून काका जे हसतात ते हसू नव्हे. त्यांना स्वतःला या भत्त्याचा आता काडीचा उपयोग नाही, ते निवृत्त झाल्याला जमाना झाला. पण तत्त्व म्हणून.

मुलगा बंगळुरात नोकरीला लागला तेव्हा काकांना ताज्या बातम्यांचा झराच मिळाला. रोज रात्री फोन. दोडका काय, दूध काय, रिक्षा काय. ऑगस्ट 2025 पासून तिथे रिक्षाचं किमान भाडं दोन किलोमीटरला 36 रुपये, आपल्याकडे दीड किलोमीटरला 26. काकांनी फोनवरच भागाकार केला. "तिकडे किलोमीटरमागे 18, इकडे 17 रुपये 33 पैसे. म्हणजे मुंबई स्वस्त?" आवाजात धक्का होता. मुलगा म्हणाला, "बाबा, पण मीटर टाकतो कोण?"

त्याच फोनवर पुढे मुलाने विचारलं की भाड्याच्या घरासाठी मालक दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतोय, तुमच्या वेळी किती द्यावं लागायचं? काका वही आणतो म्हणाले. ही वही प्रसिद्ध आहे. डावीकडे गावं, वर वस्तू, तांदळापासून दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळे रकाने गच्च भरलेले. 'घर' या रकान्यात मात्र दिल्लीपुढे निरंक, चेन्नईपुढे निरंक, कोलकात्यापुढे निरंक. सगळीकडे सरकारी क्वार्टर! लायसन्स फी पगारातून परस्पर कापली जायची, कितीशी ते कुणी पाहिलंय. आणि मुंबईपुढे लिहिलं होतं, 'मालकीचं'.

ही दोन खोल्यांची जागा काकांनी चाळिशीच्या आत असताना, काकूंच्या पाटल्या मोडून घेतली. आज त्या जागेसाठी बिल्डर जे सांगतो ते ऐकून काका टीव्हीचा आवाज वाढवतात. माणूस शहरात पिचतो तो घरापायी. पगाराचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा तिथे जातो, उरलेल्यात दोडका दहाने महाग की स्वस्त याने फार काही बिघडत नाही. तो एक खर्च ज्याचा मिटला आहे त्यालाच कोथिंबिरीच्या जुडीवर एवढं प्रेम करायला फुरसत मिळते. मुलाने हे काही बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, "ठीक आहे, मी कर्ज बघतो." काकांनी त्या रात्री वही लवकर मिटली, असं काकू सांगतात. सकाळी मात्र वहीत नवा रकाना होता: 'डिपॉझिट, महिने'. बंगळूरपुढे 10.

गेल्या उन्हाळ्यात काकूंनी युक्ती केली. सगळं एवढं स्वस्त आहे तर महिनाभर माझ्या माहेरी, कोल्हापूरला राहू या, असा प्रस्ताव मांडला. काका आनंदाने निघाले. पहिल्या दिवशी गंगावेशीत कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध प्याले आणि मुलुंडला चार जणांना फोन केले. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठाचा दर कळवला. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. चौथ्या दिवशी काकू त्यांना घेऊन कपिलतीर्थ मंडईत गेल्या. काकांनी मेथीची जुडी उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली, डोळे मिटले, मान डावीकडे कलवली.

"आमच्या मुलुंडला," ते म्हणाले, "यापेक्षा मोठी जुडी येते. आणि स्टेशनबाहेर, घरी जाता जाता."

भाजीवालीने पाण्याचा शिपका मारता मारता मान वर केली.

"मग येताना तिकडनंच आणायची न्हवं का, काका!"