शिळं पाणी

हौदाच्या भिंतीला फेस चिकटलेला दिसला, तेव्हा आत्याबाईंचा पहिला संशय माझ्यावर. "धुणं झाल्यावर हौद तरी घासून काढावा माणसानं!" मी निर्दोष होते, पण वसमतच्या आमच्या घरात साबणाच्या बाबतीत माझा इतिहास चांगला नाही. चार-सहा दिवसांनी त्या फेसातून बारीक शेपट्या वळवळत पाण्यात टपकू लागल्या आणि खटला निकाली निघाला. फेस झाडबेडकीचा होता. ती मागच्या पायांनी आपलाच स्राव घुसळून फेस काढते आणि त्यात अंडी घालते. रवी न लावता एवढं घुसळण!

दोनेक महिन्यांनी त्यातलंच एक, अंगठ्याच्या नखाएवढं, धाकट्यानं लोणच्याच्या बरणीत आणलं. "पाळायचंय." त्यानं भाताचं शीत ठेवलं. बेडूक ढुंकून बघेना. त्याला हलतं तेवढंच अन्न वाटतं. गप पडलेलं पक्वान्न म्हणजे खडा. लेकानं शीत दोऱ्याला बांधून नाचवलं, तरी नाही. शेवटी केळीच्या सालीवरची चिलटं बरणीत सोडली, तेव्हा कुठं जीभ बाहेर आली. गिळताना तो डोळे आत ओढतो आणि त्यांच्या दाबानं घास खाली ढकलतो. आत्याबाई लांबूनच म्हणाल्या, "चव घेतंय बघ, डोळे मिटून."

पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. वाटीत ठेवलं तर पिईना, आत जाऊन बसला. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं शोषतो. म्हणजे अंगाला लागेल ते आत जाणार: साबण, फिनाईल, नळाच्या पाण्यातलं ब्लीचिंग, आमचे हळदीनं पिवळे झालेले हात. म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवून सकाळी त्याला द्यायचं. आम्ही ताजं पितो, तो शिळं.

तिसऱ्या दिवशी मी झाकण काढलं. रानातला जीव लोणच्यासारखा मुरत ठेवायचा नसतो. लेक दिवसभर बोलला नाही. रात्री बेडूक न्हाणीतल्या आरशामागं सापडला. अंगणात हौद होता, पेरू होता. साहेबांनी न्हाणी निवडली.

तेव्हापासून फिनाईल बंद. कढत पाणी ओतण्याआधी भिंत बघायची. पाहुण्यांना आधीच सांगायचं; तरी एक मावशी ओल्या केसांनी बाहेर पळाल्याच.

आत्याबाई आधी त्याच्याकडं पाठ करून बसायच्या. एकदा न विचारताच सांगू लागल्या. पावसानं ओढ दिली की कयाधूकाठच्या त्यांच्या माहेरी पोरं मुसळाला कडुलिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून धोंडी मागत फिरायची आणि बाया त्यावर पाणी ओतायच्या. "मीही ओतलं की," त्या म्हणाल्या, "बांधलेल्यावर." ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तानं बेडकांना वेदपाठी ब्राह्मणांच्या पंगतीला बसवलंय, आमच्याकडं मुसळाला बांधलं. दोन्ही मान पावसासाठीच.

यंदा चैत्रात न्हाणीही तापली. बेडूक पाय पोटाशी दुमडून, अंग पांढुरकं करून, चुन्याच्या पोपड्यासारखा भिंतीला चिकटला. अंगातलं पाणी राखायची ही त्याची रीत. इंग्रजीत त्याला चुनाम फ्रॉग म्हणतात, म्हणजे आपला चुनाच. घरात पाणी तांब्यानं मोजून वापरत होतो. तरी रोज सकाळी आत्याबाई शिळ्या पाण्यात बोटं बुडवून भिंतीवर शिंपडतात, आणि पदर सावरत म्हणतात, "सरक रे बाबा, आंघोळ करू दे मला."