दीड किलोचा बिबट्या

वन्यजीवांचं आरोग्य हा विषय शिकवणाऱ्या माणसाबद्दल नातेवाइकांत फार गैरसमज असतात. आमच्या मामेसासऱ्यांच्या मते मी रोज सकाळी वाघाची नाडी बघतो. प्रत्यक्षात मी बघतो ती वाघाची विष्ठा, सूक्ष्मदर्शकाखाली, जंतांच्या अंड्यांसाठी. ती गोळा करायलाही लेखी परवानगी लागते, आणि ती हाती पडेपर्यंत वाघाला पुन्हा नवे जंत होतात.

त्यामुळे जुन्नरकडून ‘उसात बिबट्याची पिल्लं सापडली’ असा फोन आला, तेव्हा माझी छाती फुगली. मी नेमकं जनावर बेशुद्ध कसं करावं, हेच वर्गात शिकवत होतो. व्हॉट्सॲपवरच्या फोटोत ठिपके होते. प्राध्यापकाला तेवढं पुरतं.

विद्यार्थ्यांना गाडीत भरलं आणि वाटभर उरलेला तास घेतला. केटामिन आणि झायलाझिन एकत्र द्यायचं. झायलाझिनवर योहिंबिनचा उतारा आहे, केटामिनवर नाही. म्हणून उताऱ्याची घाई केली तर जनावर अर्धवट नशेत धडपडतं. फुंकून औषधाची सुई मारायच्या ब्लोपाइपला ओठ लावले की श्वास आत ओढायचा नाही. (हे सांगावं लागतं.) मादी जवळच असणार, म्हणून चाळीस किलोंच्या हिशेबानं डोसही काढून ठेवला.

शेतात जत्रा भरली होती. ‘मागे सरका’ असं ओरडत मी ब्लोपाइप सरसावला. उसाच्या मोळीवर बसलेल्या एका तोडकरी आजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

“सायेब, ही वाघाटी हाय. हिला कशाला एवढी नळी?”

वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. पिल्लं तर ओंजळीत मावत होती. माझे विद्यार्थी, जे वर्गात कधी काही टिपून घेत नाहीत, ते सगळं मोबाइलवर टिपत होते.

यावर उपचार एकच: पिल्लं सापडली तिथेच खोक्यात ठेवायची आणि माणसांनी लांब जायचं. अंधारात आई येऊन त्यांना उचलून नेते. तज्ज्ञानं करायचं ते इतकंच, निघून जाणं. तेही जमलं नाही, कारण शेतमालक म्हणाले, “एवढे मोठे डॉक्टर आलाच आहात, तर म्हैस बघा. वार पडली नाही.” कित्येक वर्षांत मी वार फक्त प्रश्नपत्रिकेत काढलेली. शेवटी गावातल्या पशुवैद्यकाला बोलावलं. मी बादली धरली.

खरं तर त्या गोठ्यातच माझा विषय होता. आपली गिधाडं संपत आली ती गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. मेलेल्या गुरातून ते गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झालं, आणि २००६ मध्ये भारतानं त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. गीरच्या सिंहांना २०१८ मध्ये गाठलं तेही कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरच्या विषाणूनं. वन्यजीवांचे निम्मे आजार गावातच सापडतात, असं माझं मत आहे, आणि आम्ही मात्र दुर्बीण घेऊन जंगलात.

तेव्हा घरच्या कुत्र्याला डिस्टेंपरची लस टोचून घ्या. उसात ठिपक्यांचं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मलाही जरूर बोलवा. पण त्याआधी फोटो कुणातरी ऊसतोड आजींना दाखवा.