बॅटरीला लिंबू-मिरची

दसऱ्याला आमच्या जिन्याखाली काकांची इलेक्ट्रिक स्कूटर आली. हार, नारळ, हँडलला लिंबू-मिरची, सगळं यथासांग. रंग निवडायला काकांनी तीन रविवार घातले, बॅटरीबद्दल एकच प्रश्न विचारला, "किती किलोमीटर जाते?" आत सेल एनएमसी रसायनाचे की एलएफपी, हे विचारणं म्हणजे मुलाकडच्यांना नवरदेवाचा रक्तगट विचारणं. (खरं तर तोही विचारावा.) एलएफपी जरा जड, पण सहजासहजी भडकत नाही. काकांना हलकी हवी होती.

पुढे चार्जर बिघडला. निम्म्या किमतीत दुसरा आला, 60 व्होल्टच्या पॅकचा. काकांचा पॅक 48 चा, 13 सेलांच्या माळेचा, तो 54.6 व्होल्टला काठोकाठ भरतो. नवा चार्जर 67 पर्यंत ढकलतो. "पिन बसते ना?" बसते! मधे जादा चार्ज अडवायला बीएमएस नावाचा एकटा रखवालदार उभा.

डिसेंबर 2022 पासून बॅटरीसाठी एआयएस-156 या सुरक्षा-मानकाचे नियम कडक झाले. पण जिन्याखाली कसले नियम? चार्जिंग रात्रभर, तेही सगळ्यांच्या बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर.

लिंबू मात्र दर शनिवारी न चुकता बदललं जातं.