लोको शेड, दुसरा मजला

रेल्वेवेडे पुष्कळ प्रकारचे असतात. कुणाला वेळापत्रक पाठ असतं, कुणी प्लॅटफॉर्मच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभा असतो, कुणी नुसत्या भोंग्यावरून इंजिनाची जात सांगतो. पण घरच्यांना सगळ्यात महाग पडणारी जमात निराळीच आहे. ही माणसं मॉडेल रेल्वेतली जुनी डिझेल इंजिनं आणतात, ती उघडतात, सुधारतात, रंग खरवडून काढतात आणि पुन्हा रंगवतात. त्यांच्यासमोर ‘खेळण्यातली गाडी’ असं म्हणू नये. चहा मिळत नाही.

पुण्याच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत असे एक तरी इंजिनवाले काका सापडतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. हयात बँकेत नाहीतर एलआयसीत गेलेली, म्हणजे कुठल्याही यंत्राशी संबंध न येता. कपाळावर घड्याळजीसारखं भिंग सरकवलेलं आणि उजव्या अंगठ्याच्या नखात कायम रंग. बाल्कनीला काच लावून तिथे शेड थाटलेलं असतं. कपडे कुठे वाळत घालायचे हा प्रश्न काकूंनी केव्हाच विचारायचा सोडून दिलेला असतो.

काका नवं इंजिन घेत नाहीत. नव्यात करण्यासारखं काय असतं? भाचा न्यू जर्सीहून येताना विचारतो, “काका, काय आणू?” काका सांगतात, “जुनं आण. बंद असलं तरी चालेल.” मग भाचा चॉकलेटच्या पिशवीत निळे पुठ्ठ्याचे खोके घेऊन उतरतो. अमेरिकेतल्या अॅथर्न कंपनीची इंजिनं कित्येक दशकं अशा खोक्यांतून विकली गेली, म्हणून तिकडचे हौशी लोक त्यांना ‘ब्लू बॉक्स’ याच नावानं ओळखतात. इंजिन स्वस्त, दणकट आणि दोषांनी भरलेलं. आत बसवलेली मोटार जाडजूड, म्हणून बऱ्याच मॉडेलांचं वरचं आवरण प्रमाणापेक्षा रुंद ठेवलेलं. कठड्याच्या तारा इतक्या जाड, की खऱ्या इंजिनावर त्याच मापाचे कठडे लावले तर ड्रायव्हरला ते मुठीत धरता येणार नाहीत. चाकं लोखंडाची भुकटी दाबून केलेली, त्यामुळे रुळावरचा सगळा मळ गोळा करणारी. आणि गिअरचा आवाज असा, की शेजारच्या फ्लॅटमध्ये मिक्सर लावलाय असं वाटावं. आई जशी आपल्या द्वाड पोराच्या खोड्या पाहुण्यांना कौतुकानं सांगते, तसे काका हे दोष सांगतात.

या अमेरिकन इंजिनाचं त्यांना करायचं असतं डब्ल्यूडीएम-२. हे मात्र वाटतं तितकं वेडगळ नाही. भारतीय रेल्वेचं हे सगळ्यात ओळखीचं डिझेल इंजिन मुळात अमेरिकेचंच. अल्को कंपनीकडून १९६२मध्ये ही २६०० अश्वशक्तीची इंजिनं आपल्याकडे आली, १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि पुढे हजारोंच्या संख्येनं देशभर धावली. पुण्यापर्यंत विजेचं इंजिन यायचं, ते सुटून मिरज-कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीला डिझेल लागायचं. तो खांदेपालट बघत ज्यांचं बालपण प्लॅटफॉर्मवर गेलं, त्यांतले काही पुढे इंजिनवाले काका झाले. एरवी हिशेबाला पक्का असणारा हा माणूस अल्कोच्या काळ्या धुराबद्दल बोलायला लागला की हळवा होतो. प्रदूषणाचा विषय आपण काढू नये.

अडचण मापाची. काकांच्या हाताशी असतो एसडी-४५ या इंजिनाचा सांगाडा. खरं एसडी-४५ सुमारे २० मीटर लांब आणि डब्ल्यूडीएम-२ साधारण १७. एकास ८७ या प्रमाणात हा फरक तीन सेंटिमीटरांहून थोडा जास्त भरतो. म्हणून पहिलं काम म्हणजे ओतीव धातूचा सांगाडा हॅकसॉनं मधोमध कापायचा. हे काम काका दुपारी करतात आणि खालच्या मजल्यावरचे जोशी वर येतात. चाकांच्या चौकटींचं दुखणं याहून नाजूक. डब्ल्यूडीएम-२च्या चौकटीत चाकांच्या तीन जोड्या असतात, पण मधली जोडी बरोबर मध्यावर नसते, एका बाजूला सरकलेली असते. अमेरिकन सांगाड्यावर ती आज्ञाधारकपणे मध्यावर बसलेली. शंभरातल्या नव्याण्णव माणसांना हे जन्मात दिसणार नाही. काका शंभराव्यासाठी काम करतात.

आणि मग ते पावणेतीन मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७नं भागलं की १९.२६ येतात. बाजारात या प्रमाणातले तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण ते अमेरिका-युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले. म्हणजे काकांनी कितीही जीव टाकला तरी त्यांचं भारतीय इंजिन विलायती रुळावरच उभं राहणार. या पावणेतीन मिलिमीटरांनी काकांची झोप उडवलेली आहे. इंग्लंडमधले हौशी लोकही असाच घोळ वर्षानुवर्षं चालवून घेतात, एकास ७६च्या गाड्या त्याच १६.५च्या रुळांवर पळवतात, असं सांगून भाच्यानं एकदा समजूत घालून पाहिली. “इंग्रजांचं मला सांगू नकोस,” काका म्हणाले.

जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. आवरण त्यात रात्रभर बुडवून ठेवायचं आणि सकाळी टूथब्रशनं घासायचं. बरणी अर्थातच लोणच्याची. २०२०च्या मार्चमध्ये सॅनिटायझरसाठी सगळं शहर वणवण फिरत होतं, तेव्हा काकांच्या बाल्कनीत अल्कोहोलचा पाच लिटरचा कॅन निघाला. एवढ्या वर्षांत सोसायटीनं त्यांच्या छंदाची पहिली आणि शेवटची आदरानं दखल घेतली ती तेव्हा. सेक्रेटरी स्वतः बाटली घेऊन आले. काकांनी दिलंही, पण मोजून. एक डबल इंजिन खरवडायचं राहिलं होतं.

घरातल्या वस्तू एकेक करून शेडात बदली होऊन जातात. टूथपेस्टचं उदाहरण घ्या. गिअरची घरघर कमी करायला त्यांत टूथपेस्ट भरतात, थोडा वेळ इंजिन चालवतात आणि मग सगळं स्वच्छ धुऊन टाकतात. पेस्टमधल्या बारीक कणांनी दात घासले जातात, गिअरचे. हा काकांचा शोध नाही, जगभरचे मॉडेलवाले हेच करतात. अमेरिकन इंजिनाला बाजूचे बफर नसतात, आपल्याला तर ते हवेतच. तिथे ब्लाउजची टिचबटणं कामाला येतात. कठड्याच्या जाड तारा काढून तंबोऱ्याची पोलादी तार लावली की काम फर्मास होतं. त्या तारेसाठी काका दुकानात गेले, तेव्हा दुकानदारानं आदरानं विचारलं, “कुठल्या घराण्याचे?” काका म्हणाले, “मध्य रेल्वे.”

सगळ्यात मोठा शत्रू मात्र स्प्रिंग. केडी कंपनीचे कपलर जगात नावाजलेले आणि त्यांच्या बोटात एक स्प्रिंग असते, जिरेसाळ तांदळाच्या कण्यांत पडली तर सापडू नये एवढी. चिमट्यानं बसवताना ती उडते. एकदा उडाली की संपलं. मग काका जमिनीला गाल लावून टॉर्चचा झोत आडवा मारतात. पंखा बंद, मोलकरणीला मज्जाव. “अहो, दुसरी लावा ना,” काकू म्हणतात. दुसरी असते. पाकिटात जास्तीच्या देतातच. पण ती लावणं म्हणजे हार मानणं.

रंगाकडे येऊ. खरा कस तिथेच. प्रत्येक शेडचे आपापले रंग, आपापले पट्टे आणि तेही वर्षागणिक बदलत गेलेले. त्यामुळे ‘डब्ल्यूडीएम-२ रंगवायचंय’ असं म्हणून भागत नाही. कुठलं शेड, कुठलं साल, कुठला नंबर हे ठरवावं लागतं. आमच्या काकांनी ठरवलं ते त्यांच्याच लग्नाच्या अल्बमवरून. मिरज स्टेशनावर नवरा-नवरी, मागे डिझेल इंजिन. फोटोत नवरा अर्धा कापलेला आहे, इंजिन पूर्ण आलंय. फोटो कुणी काढला याबद्दल काकूंना आजही संशय आहे, कारण कॅमेरा काकांच्या मित्राचा होता.

पण चाळीस वर्षांत फोटो तांबूस पडला. त्या काळच्या रंगीत प्रिंटांतलं निळं द्रव्य आधी उडतं आणि सगळं जग तांबूस दिसायला लागतं. इंजिन मुळात तांबडं होतं की फोटोनं ते तांबडं केलं? काकांनी आठवडाभर विचार केला आणि मग काकूंना म्हणाले, “अगं, तो शालू काढ जरा.” काकू क्षणभर लाजल्या. शालू मोरपंखी. फोटोत तोच शालू राखाडी झालेला. काकांनी शालू खिडकीपाशी उजेडात धरला, फोटो शेजारी धरला आणि मोरपंखीचं राखाडी व्हायला किती निळं उडालं असेल याचा हिशेब वहीत मांडला. तेवढं निळं इंजिनाच्या रंगात परत घातलं, सात वेगवेगळ्या छटा करून पुठ्ठ्यावर फासल्या आणि त्यातली पाचवी पक्की केली. शालू पुन्हा ट्रंकेत गेला. त्याबद्दल दुसरं काही बोलणं झालं नाही.

हा निष्कर्ष त्यांनी शेडातून निवृत्त झालेल्या एका फिटरला अभिमानानं दाखवला. त्यानं पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, त्या वेळी जो डबा उघडा असायचा तो मारायचो आम्ही.” काका दोन दिवस जेवले नाहीत.

अक्षरांचा त्रास वेगळाच. आपल्या इंजिनावर देवनागरी लागते आणि अमेरिकेतल्या डिकल्सच्या पाकिटात ‘म.रे.’ मिळत नाही. पारदर्शक कागदावर घरी छापावं, तर साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापताच येत नाही. कागदाचं पांढरं तेच त्याचं पांढरं. शेवटी काकांनी एकेक अक्षर बारीक कुंचल्यानं काढलं. ‘रे’ची मात्रा काढताना श्वास रोखावा लागतो. त्या वेळी दाराची बेल वाजवणाऱ्या कुरिअरवाल्याला काय ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही.

एवढं झालं, इंजिन आरशासारखं चकचकीत झालं, की काका ते घाण करायला घेतात. खडूची भुकटी, शाईचं पातळ पाणी, धुराड्याभोवती काजळी, डिझेलच्या टाकीवर तेलाचे ओघळ. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चहाचा थेंब दिसला तर चिडणारा हा माणूस खोट्या धुळीसाठी चार-चार रात्री जागतो. मुंबईहून आलेल्या मेहुणीनं एकदा सहज म्हणून ओल्या फडक्यानं इंजिन पुसून ठेवलं. ती हल्ली दिवाळीला येत नाही.

हे सगळं वेड आहे असं म्हणावं, तर रेल्वेनं याच कामासाठी पतियाळाला आख्खा कारखाना चालवला. तिथे म्हाताऱ्या डब्ल्यूडीएम-२ उघडून २६०० अश्वशक्तीच्या ३१०० केल्या गेल्या. काका हे वाक्य काकूंसमोर वरचेवर म्हणतात. वाराणसीचा उल्लेख मात्र टाळतात. तिथे २०१८मध्ये जुन्या डिझेल इंजिनांची जोडी घेऊन तिचं विजेचं इंजिन करून टाकलं. ती बातमी वाचून काकांनी पेपर घडी करून रद्दीत ठेवला, शब्दकोडं न सोडवता.

आता कुणी विचारेल, एवढं करून गाडी धावते कुठे? पुण्यात भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८पासून लोक तिथे गाड्या धावताना बघायला जातात. काकांचा रूळ इस्त्रीच्या टेबलावर, तीन फूट. इंजिन जातं, थांबतं, परत येतं. त्याला डबे नाहीत. डबे रंगवायला घेतले तर त्यांचा जन्म पुरणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मागच्या डिसेंबरात भाचा आला तो तयार भारतीय इंजिन घेऊन. आवाजाची चिप, धुराडं, बफर, बारीक कठडे आणि देवनागरी अक्षरंसुद्धा, सगळं कारखान्यातूनच आलेलं. काकांनी ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, “छान आहे” म्हणाले आणि खोक्यात ठेवलं. जेवताना गप्प होते. भाच्याला वाईट वाटलं, काकूंना काळजी. आमटी दुसऱ्यांदा वाढायच्या आत काका उठले, खोका उघडला, इंजिन उताणं केलं आणि भिंग डोळ्यावर ओढलं.

“मधलं चाक मध्यावर बसवलंय लेकांनी!” ते ओरडले. मग भाच्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “पहिल्या दर्जाचं इंजिन आणलंस. तो बारका स्क्रू-ड्रायव्हर दे बघू, आणि अगं, बरणी रिकामी आहे का?”