घरी येत होतं

कुठल्याही गावात, कुठल्याही भाषेत पियानोच्या शिकवणीला जाणारं मूल एक वाक्य हमखास बोलत असणार: "घरी येत होतं." माहीमच्या मिसकडे ते दर शनिवारी दाराआडून ऐकू येतं. नातीला तिकडे नेणं-आणणं हे निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेलं एकमेव जबाबदारीचं खातं. मिसच्या दाराबाहेर पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. त्यांवर आम्ही पालकमंडळी आतल्या सुनावणीचा निकाल लागायची वाट पाहत बसतो. आत सूर सुरू होतात, बरे चाललेले असतात, मध्येच ठेचकाळतात, थांबतात, आणि मग ते वाक्य येतं. कुणी रडवेलं होऊन म्हणतं, कुणी मिसवरच आळ घेतल्यासारखं. एक चुणचुणीत मुलगा तर पहिली पट्टी दाबण्याआधीच म्हणून टाकतो. अटकपूर्व जामीन.

हे ऐकून पॅसेजमधल्या आया कपाळाला हात लावतात. मी मात्र मुलांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे. घरी खरंच येत असतं. प्रश्न एवढाच, की काय येत असतं आणि कशावर.

'कशावर' आधी घेऊ. आमच्या घरी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. तो पलंगाखाली राहतो आणि जेवणाच्या टेबलावर वाजतो. त्याच्या पट्ट्या इतक्या हलक्या, की वाऱ्याने वर्तमानपत्र उडून पडलं तरी एखादा सूर निघावा. मिसकडे भिंतीला टेकून उभा असलेला जुना पियानो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येकीमागे लाकडी सांधे, नमदा लावलेला हातोडा आणि पुढे ताणलेल्या तारा. १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने ही हातोड्याची रचना केली ती मुळी यासाठी, की पट्टी हळू दाबली तर सूर हळू यावा आणि जोरात दाबली तर जोरात. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोटाच्या जोराला तिथे फारशी किंमत नव्हती. आमच्या स्वस्तातल्या कीबोर्डलाही नाही. म्हणजे नात सोमवार ते शुक्रवार क्रिस्तोफोरीच्या आधीच्या काळात राहते आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिला एकदम पुढच्या शतकात नेऊन बसवतात. शिवाय घरी पाय मोकळे हलवायची सोय असते, मिसकडे त्याच पायांना पेडल सांभाळावं लागतं. आणि जुलैत माहीमच्या दमट हवेने लाकूड फुगलं, की एक-दोन पट्ट्या खाली जातात त्या वर यायला राजी नसतात. मुलाची चूक कुठली आणि पावसाची कुठली, हे मिसच जाणे.

कीबोर्डला आणखी एक सोय असते, डेमो नावाचं बटण. ते दाबलं की यंत्र आपणहून, दोन्ही हातांनी, एकही चूक न करता वाजवू लागतं. पॅसेजमधल्या एका बाईंनी सांगितलं, की त्यांचा मुलगा आतल्या खोलीत रोज नेमाने अर्धा तास वाजवायचा आणि त्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता धन्य होत. एकदा कणकेच्या हातांनी कौतुकाला आत गेल्या, तर चिरंजीव पलंगावर आडवे, हातात कॉमिक, आणि मोत्सार्ट चालू. हेडफोनवाल्या घरांत याच्या उलट. तिथे बाहेरच्यांना नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू येते. आत बेथोवेन चाललाय की टायटॅनिकची धून, ते समजायला मार्ग नाही.

आता 'काय' येत असतं ते पाहू. आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की यंदा राष्ट्रगीत ध्वनिक्षेपकावर नको, आपल्या पियानोवालीला वाजवू दे. गच्चीवर कीबोर्ड गेला, वायर खालून ओढली, झेंडा फडकला, सगळे सावधान उभे राहिले. पहिल्या दोन ओळी अशा देखण्या निघाल्या, की मी आजूबाजूला बघून घेतलं. चौथ्या ओळीपाशी बोट घसरलं. नात थांबली आणि शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. राष्ट्रगीत सुरू आहे म्हटल्यावर कोण हलणार? दुसऱ्या खेपेला पाचव्या ओळीपर्यंत मजल गेली. पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात असं सरकारी सूचनेत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले काका तेवढ्याच तयारीने आले होते. तिसऱ्या खेपेला सेक्रेटरींनी जरा आधीच 'भारतमाता की जय' घेऊन सगळ्यांची सुटका केली.

चुकलं की पहिल्यापासून, ही खोड शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला असते. त्यामुळे कुठल्याही तुकड्याची सुरुवात हातावर घासूनपुसून लख्ख झालेली असते आणि शेवटची ओळ कोरी करकरीत, घडीही न मोडलेली. घरी रोज जे 'येतं' ते बहुधा वरच्या चार बारांपुरतं. मिस यावर पक्क्या आहेत. त्या मूळच्या गोव्याच्या. तिथल्या चर्चच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवत आले, त्या परंपरेतलं घर. नवीन तुकडा दिला की त्या शेवटचे दोन बार आधी बसवून घेतात. मग त्यांच्या आधीचे दोन, मग त्यांच्याही आधीचे. मूल असं मागून पुढे येतं. जसजसं वाजवत जाईल तसतसं ओळखीच्या गल्लीत शिरतं. वहीत त्या दर शनिवारी बारीक अक्षरात लिहितात: उजवा हात वेगळा, डावा वेगळा, मोजून, आणि 'हळू'. या हळूखाली दोन रेघा. मागच्या वहीतही दोन, त्याच्या मागच्याही.

हळू वाजवणं मुलांना अपमानास्पद वाटतं, आणि घरच्यांना असह्य होतं. इथेच खरी मेख आहे, आणि ती मला पॅसेजमध्ये बसून नव्हे, घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कळली. नीट केलेला सराव ऐकायला भिकार असतो. नात ज्या दिवशी खरोखर मन लावून बसते, त्या दिवशी घरात वीस मिनिटं तेच दोन बार, एकाच हाताने, मोजत मोजत चाललेले असतात: अंगठा, दुसरं, तिसरं, खालून पुन्हा अंगठा. त्या दिवशी समोरच्या वहिनी जिन्यात विचारतात, "आज कुठे अडलं का हो?" आणि ज्या दिवशी ती गेल्या महिन्याचं पाठ झालेलं गाणं धडाधड तीनदा वाजवून, कुठेही न शिकता उठते, त्या दिवशी आतून आजी, बाहेरून वहिनी, दोघी एकदमच म्हणतात, "आज छान झाली गं प्रॅक्टिस!" मूल मूर्ख नसतं. शाबासकी कशाला मिळते ते त्याला बरोबर कळतं.

मिसच्या वहीत रोज किती मिनिटं वाजवलं ते लिहून पालकाने सही करायचा रकाना आहे. शनिवारी पाचला दहा कमी असताना आमच्या पॅसेजमध्ये एक गृहस्थ गुडघ्यावर वही ठेवून सहा दिवसांच्या सह्या करतात. प्रामाणिक माणूस आहे. मध्ये पेन बदलतात.

मग परीक्षा. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाची स्थापना १८८९ची. तिथल्या दोन मोठ्या संगीतशाळांनी मिळून ते काढलं आणि आता माहीम-वांद्र्याच्या घराघरांत त्याच्या पायऱ्या चढणारी मुलं आहेत, पहिलीपासून आठवीपर्यंत. प्रत्यक्ष परीक्षा दीडशे गुणांची: तीन तुकड्यांना नव्वद, बाकीचे स्केल, समोर ठेवलेली अनोळखी ओळ वाचून वाजवणं आणि कानाची परीक्षा यांत वाटलेले. शंभरला पास, एकशेवीसला मेरिट, एकशेतीसला डिस्टिंक्शन. आपल्याकडे निकाल लागला की आधी तो शंभरात बसवून घेतात. एकशेबारा म्हणजे जेमतेम पंचाहत्तर टक्के, असं म्हणून एका वडिलांनी सुस्कारा टाकलेला मी ऐकला आहे. मुलगी मात्र समोर उभी राहून कानाच्या परीक्षेत आपण कसं बरोबर ओळखलं ते सांगत होती. तिकडे कुणाचा कान नव्हता.

पालकांच्या अपेक्षांचं म्हणाल, तर त्या ऐकून मला नेहमी बेथोवेनचं आश्चर्य वाटतं. भावाच्या मृत्यूनंतर पुतण्या कार्लचं पालकपण त्याने हट्टाने, कोर्टकचेऱ्या करून मिळवलं आणि त्याला पियानो शिकवायला ठेवलं आपल्याच जुन्या विद्यार्थ्याला, कार्ल चेर्नीला. हा चेर्नी दहा वर्षांचा असताना बेथोवेनकडे शिकायला आला, तेव्हा पहिले कित्येक धडे बेथोवेनने त्याच्याकडून नुसते स्केल घोटून घेतले होते. असा माणूस आता पालकाच्या खुर्चीत बसल्यावर काय काय फर्मावेल, असं वाटावं. पण १८१७च्या सुमारास त्याने चेर्नीला लिहिलेलं पत्र भलतंच मवाळ आहे. पोराशी धीराने घ्या, तुमच्या-माझ्या मनासारखी प्रगती दिसली नाही तरीही. बोटं आणि ताल बरोबर यायला लागले, सूरही बरेचसे बरोबर लागले, की मगच भाव-बिवाकडे वळा. आणि बारीकसारीक चुकांसाठी त्याला मध्येच थांबवू नका, तुकडा संपल्यावर सांगा, असं त्यात आहे. टक्केवारीचा विषय नाही. पुढे १८१८मध्ये कार्ल काकांकडे राहायला आला. तोवर काकांचे कान इतके गेले होते, की लोक त्यांच्याशी वहीत लिहून बोलू लागले. 'घरी येत होतं' हे वाक्य इतक्या सुरक्षितपणे म्हणता येईल असं घर साऱ्या व्हिएन्नात दुसरं नसेल. कार्ल पियानोवादक झाला नाही, सैन्यात गेला.

चेर्नीने मात्र सरावाचं साहित्य इतकं लिहून ठेवलं, की आजही मुलं त्याला मनातल्या मनात शिव्या देतात. शोपाँ त्या मानाने माणसाळलेला. पॅरिसमधली त्याची एक शिष्या रोज सहा तास वाजवते हे कळल्यावर तो रागावला आणि तीन तासांच्या वर बसायचं नाही अशी ताकीद दिली. ही गोष्ट मी नातीला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने त्यातून एवढंच घेतलं, की जास्त वाजवलं तर मोठी माणसं रागावतात. सां-साँसने तर १८८६मध्ये 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स' लिहिताना सिंह, कोंबड्या, कासव, हत्ती यांच्या रांगेत 'पियानोवादक' नावाचाही एक प्राणी बसवला. तो बिचारा फक्त स्केल वाजवतो, वर-खाली, वर-खाली, आणि छापील प्रतीत सूचना आहे, की वाजवणाऱ्यांनी नवशिक्याच्या अवघडलेपणाची नक्कल करावी. आमच्या सोसायटीला सूचनेचीही गरज पडली नसती.

मे महिन्यात मिस सुट्टी देतात आणि वहीत लिहितात, 'रोज वाजवणे'. आम्ही कोकणात गेलो. कीबोर्ड नेला नाही, गाडीत आधीच लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी नातीला पडवीत भजनी मंडळाची पेटी सापडली. साडेतीन सप्तकांची, कडेच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. तिने बसून जी मेजरचा तो मिन्युएट काढला, जो वर्षानुवर्षं बाखचा म्हणून शिकवला गेला आणि निघाला क्रिस्टियन पेट्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच माणसाचा. पण पेटी म्हणजे डाव्या हाताने भाता मारायचा, आणि मिन्युएट दोन्ही हात मागतो. ती हिरमुसली. तेवढ्यात तिचा चुलतकाका आंब्यांची पेटी उतरवून घाम पुसत आला, पलीकडून मांडी घालून बसला आणि म्हणाला, "तू वाजव गो, भातो मी मारतंय."

काकाने आयुष्यभर भजनं ओढलेली. एकदा हात सुरू झाला की अभंग संपेपर्यंत थांबायचा नाही, हे त्याच्या अंगातच. नात तिसऱ्या ओळीला चुकली, सवयीने थांबायला गेली, पण वारा चालूच. पेटी रेकत राहिली. तिने बावरून पुढचा सूर धरला, मग त्याच्या पुढचा, खालचे एक-दोन सूर पेटीत नव्हतेच ते सोडून दिले, आणि बघता बघता शेवटच्या बारावर पोचली.

पोचल्या पोचल्या काकावर उखडली. "काका, तू चारात मारतोयस! हे तीनात आहे, वन-टू-थ्री!"

काकाने माझ्याकडे पाहिलं.

"दादरा रे," मी म्हणालो.

"मगे आधी सांगूक नको?" असं म्हणून त्याने मांडी बदलली आणि भात्याला पुन्हा हात घातला.