सत्तावीस फूट साडी, दहा फूट खोली

पुतणीच्या लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान निघालं : सीमांतपूजनाला सगळ्या काकवा, माम्या, आत्या नऊवारीत! मी लगेच अंगठा दाखवला. मोबाइलवर त्याचा अर्थ होकार होतो. मराठीतला अर्थ वापरायला हवा होता, हे नंतर कळलं.

एका वाराचे तीन फूट, म्हणजे नऊवारी झाली 27 फुटांची. आमच्या सिडकोतल्या घराची बेडरूम 10 फुटांची, त्यात पलंग आणि कपाट. गुलमंडीवरून आणलेल्या साडीचं एक टोक मी कमरेला गाठवलं, तेव्हा दुसरं स्वयंपाकघरात फ्रीजपाशी पोचलं होतं. समोर मोबाइलवर एक हसतमुख बाई सांगत होती, "आता निऱ्या करून मधला काठ पायांमधून मागे घ्या आणि खोचा, झाला काष्टा." ती उजवीकडे म्हणाली की मी आरशात बघून डावीकडे वळायची. तिसऱ्या प्रयत्नाला शेवटी काष्टा झाला.

"अहो, मागून सरळ आलाय का बघा जरा."

आमचे हे वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. चष्मा पुसून, एक डोळा मिटून त्यांनी पाहणी केली आणि म्हणाले, "डावीकडे दोन सेंटिमीटर गेलाय." माल रिजेक्ट झाला.

मग आजी आठवली. आजी पैठणची. ती नेसायची ते लुगडं. साडी हा शब्द तिनं आमच्यासाठी ठेवला होता. तिच्या मंगळसूत्राला एक सेफ्टी पिन कायम अडकवलेली असे, पण ती पायातला काटा काढायला. लुगड्याला पिन लावायची असते, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाची कीव केली असती. नाथषष्ठीला गोदावरीत बुडी मारून आली की घाटावर, एवढ्या गर्दीत, ओलं लुगडं सुटायच्या आत कोरडं नेसून मोकळी. आडोसा म्हणून वेगळं काही लागत नसे, लुगडंच आडोसा. कनवटीला पैशांची पुरचुंडी, ओच्यात शेतातून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि रडणाऱ्या नातवाचं नाक पुसायला पदर. एका वस्त्रात पर्स, पिशवी आणि रुमाल. आम्हाला मात्र त्याच नऊवारीवर मॅचिंग क्लच घ्यावा लागतो आणि जेवताना तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न पडतो.

आईनं पहिल्यांदा गोल साडी नेसली तेव्हा आजी म्हणाली होती, "हे काय गं माय, नुसतं गुंडाळलेलं? यात माळवदावर कशी चढशील?" पंडित मंडळी काष्ट्याच्या नेसणीला सकच्छ म्हणतात आणि बिनकाष्ट्याच्या नेसणीला विकच्छ. आजीची वर्गवारी याहून सोपी होती : शिडी चढता येणारी आणि न येणारी.

गंमत म्हणजे, ज्या सहावारीला आज आपण 'पारंपरिक' म्हणून मिरवतो, तीही एके काळी नवी फॅशनच होती. 1860च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींना घरात नेसायची बंगाली साडी बाहेर वावरायला पुरेना. त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात स्वतःची भर घातली, आत ब्लाउज-परकर घेतला आणि ती पद्धत बंगालमध्ये नेली. आज देशभर दिसणाऱ्या साडीच्या घडणीत या खटपटीचा मोठा वाटा आहे. तेव्हा कुणातरी आजेसासूबाईंनी नाक मुरडलं असणारच. परंपरा म्हणजे आजेसासूबाई थकेपर्यंत टिकलेली फॅशन, हे माझं त्यावरचं संशोधन.

शेवटी मी शरण गेले आणि शिवलेली नऊवारी आणली. पायजम्यासारखे पाय घालायचे, चेन ओढायची, पदर घ्यायचा. दोन मिनिटांत पेशवाई. बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात सगळ्यांनी विचारलं, "कुठे शिकलीस गं एवढी चापूनचोपून?" मी गूढ हसले. रात्री साडेअकराला वर गेलेली चेन खाली यायला तयार होईना, तेव्हा हसू मावळलं. माझी निकड क्षणाक्षणाला वाढत होती. अखेर ह्यांनी कुठूनशी मेणबत्ती पैदा केली, चेनीवर घासली आणि पेशवाई बुडाली.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनला नवरीची पैठणी. नेसवायला खास मुलगी आली होती, चाकांची बॅग घेऊन. तिनं निऱ्या केल्या आणि केस सरळ करायच्या यंत्रानं एकेक दाबून बसवली. "ताई, ही मर्मेड स्टाइल आहे." मर्मेड म्हणजे मत्स्यकन्या. मत्स्यकन्येला पाय नसतात, हे नवरीला स्टेजची पहिली पायरी चढताना समजलं. दोन करवल्यांनी तिला उचलून वर ठेवलं. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं; त्या मानांकित मोराच्या नेमक्या डोळ्यातून पिन आरपार गेली होती. अशा एकूण चौदा. मोठ्यांच्या पाया पडायची वेळ आली तेव्हा नवरी कमरेत वाकेचना. मग मोठ्यांनीच जरा पुढे सरकून, पाय उचलून घेतल्यासारखं केलं.

तर मैत्रिणींनो, काष्टा घाला, गोल नेसा, मत्स्यकन्या व्हा, चेन लावा. फक्त घरातून निघण्यापूर्वी एकदा खाली वाकून बघा आणि एकदा रिक्षात चढून बघा. आजीच्या परीक्षेत हे दोनच पेपर होते आणि त्यात आम्ही दोघीही नापास.

रात्री नवरीच्या पिना काढल्या. तेरा निघाल्या. चौदावी अजून सापडलेली नाही.