भिंतीतलं विसण

पाहुण्याला आंघोळीला सोडण्याआधी हल्ली घरोघरी एक छोटं प्रात्यक्षिक होतं. यजमान भिंतीतल्या चकचकीत दांडीवर हात ठेवून सांगतो, "वर उचलली की पाणी सुरू. डावीकडे गरम, उजवीकडे गार. आणि हे बटण ओढलं की खालच्या नळाचं पाणी वर शॉवरला." पाहुणा सगळं समजल्यासारखी मान हलवतो, आत जातो, कडी लावतो. थोड्या वेळाने आतून "आई गं!" ऐकू येतं. ते गरमाचं की गाराचं, हे आमच्या हिला नुसत्या पट्टीवरून ओळखता येतं.

या यंत्राला प्लंबर लोक डायव्हर्टर म्हणतात. आतली रचना साधी आहे. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या, एक स्थिर, दुसरी दांडीबरोबर सरकणारी. दांडी उचलली की भोकं समोरासमोर येतात, फिरवली की गरम-गाराचा वाटा बदलतो. म्हणजे विसणच, पण भिंतीच्या आत. पूर्वी हे काम उघड्यावर चालायचं. बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं, वर गार पाण्याचे दोन तांबे, मग हात घालून बघायचं. अंदाज चुकला तर बोटांना कळायचं, आता एकदम पाठीलाच कळतं.

एका दांडीची ही कल्पना अल मोएन या अमेरिकन माणसाची. १९३७ साली, सिअ‍ॅटलमध्ये शिकत असताना, दोन चाव्यांच्या नळाखाली हात धुताना त्याला चटका बसला. आपल्याकडे अशा वेळी बर्नॉल लावतात आणि "बघून सोडावं जरा पाणी" असं ऐकवतात. तो मात्र नळच बदलायला बसला आणि १९४७ साली त्याचा नळ बाजारात आला. इतका चिवटपणा चटक्यानेच येत असावा.

दांडी मधोमध ठेवली की कोमट पाणी, हा मात्र कागदावरचा हिशेब. गिझर आणि शॉवर यांच्यामधल्या नळीत आधीचं निवलेलं पाणी पडून असतं. ते वाहून जाईपर्यंत पाहुण्याला धीर नसतो. "गरम येत नाही की हो" म्हणत तो दांडी पार डावीकडे ढकलतो आणि शॉवरखाली उभा राहतो. नेमका तेव्हाच खरा गिझर येऊन पोहोचतो. आधीच्या माणसाने बटण शॉवरवरच ठेवलं असेल, तर नुसती बादली भरायला वाकलेल्याला कपड्यांसकट अभिषेक.

मे महिन्यात तर शिकवलेलं सगळंच उलटतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते आणि निळ्या ठिपक्याकडून चहाला चालेल असं पाणी येतं. बंद गिझरमधलं पाणी मात्र घरात राहून निवलेलं असतं. म्हणून गार हवं असेल तर दांडी लाल ठिपक्याकडे न्यायची, तीही गिझरमधलं पंधरा लिटर संपेपर्यंतच.

हे सगळं मी मामांना नीट समजावून सांगितलं. ते दांडीकडे बघत राहिले.

"म्हणजे गिझर बंद ठेवून गरमाचा नळ सोडला, की गार येणार?"

"बरोबर."

"घरात बादली आहे ना?"